वकिलात नसलेल्यांचं परराष्ट्र धोरण : क्युबा, दक्षिण आफ्रिका आणि आपण



वस्तीतल्या पोरांनी परराष्ट्र धोरणावर बोलायचं नाही, असा एक अलिखित नियम आपणच आपल्यावर लादून घेतलाय. आपले विषय ठरलेले. शिष्यवृत्ती, आरक्षण, अॅट्रॉसिटी, स्मारक, जयंतीची वर्गणी. जगात काय चाललंय ते टीव्हीवरच्या सूटबूटवाल्यांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं. दिघ्यापासून तुर्भे स्टोअरपर्यंतच्या वस्त्यांमध्ये आम्ही अभ्यासवर्ग घेतो. तिथे क्युबा आणि दक्षिण आफ्रिका यांच्या संबंधांचा विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न आलाच, "याचं आपल्याला काय?" दक्षिण आफ्रिका म्हटलं की आमच्या पोरांना नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावरची २ नोव्हेंबर २०२५ ची महिला विश्वचषकाची फायनल आठवते. क्युबा म्हटलं की चे गव्हेराचा टी-शर्ट. त्यापुढे गाडी जात नाही.

या प्रश्नाचं पहिलं उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवलंय. १९५१ साली त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला तो हिंदू कोड बिलासाठी, एवढंच आपण भाषणात सांगतो. ते खरंच आहे. पण १० ऑक्टोबर १९५१ चं त्यांचं निवेदन पूर्ण वाचा. राजीनाम्याच्या कारणांमध्ये परराष्ट्र धोरण हे एक स्वतंत्र कारण आहे. सरकारने मित्र गमावले, आणि म्हणून ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी रुपये लष्करावर घालवावे लागतात, असा त्यांचा थेट हिशेब होता. मित्र चुकीचे निवडले की त्याची किंमत गरिबाच्या ताटातून वसूल होते, हे त्यांना दिसत होतं. ज्या माणसाने राजीनाम्यात परराष्ट्र धोरणाचा हिशेब मांडला, त्याच्या अनुयायांनी "याचं आपल्याला काय" म्हणावं?

आता क्युबाकडे येऊ. ११ मे १९९४ रोजी क्युबा आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात राजनैतिक संबंध सुरू झाले. आदल्या दिवशी मंडेलांनी प्रिटोरियात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली होती आणि त्या समारंभाला फिडेल कॅस्ट्रो हजर होते. वर्तमानपत्राच्या हिशेबाने मैत्री या तारखेला सुरू झाली. पण एका रात्रीत कोणी कोणाचा भाऊ होत नाही. त्या सहीच्या मागे वीस वर्षांचं रक्त होतं, आणि त्याच्याही मागे ऊस होता.

ऊस आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आमच्या वस्त्यांमधली निम्मी घरं १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यातून, विदर्भातून निघालेली आहेत. कोणी तुर्भ्याच्या दगडखाणीत लागलं, कोणी एमआयडीसीत. ज्यांचे नातेवाईक बीडमध्ये राहिले ते अजूनही दिवाळीनंतर बैलगाडी, ट्रॅक्टर गाठून कारखान्यावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. माणसाची मोजणीच हत्याराच्या नावाने. क्युबातही हेच हत्यार होतं. फरक एवढा की तिथे कोयता धरणारा आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेला गुलाम होता. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे आपल्याला पाठ आहे. त्या वर्षी क्युबात गुलामी चालूच होती. ती १८८६ साली संपली. जोतीराव हयात होते तेव्हाची ही गोष्ट.

याच क्युबात, मातान्झास प्रांतातल्या ट्रिउनविराटो नावाच्या साखर कारखान्यावर नोव्हेंबर १८४३ मध्ये गुलामांनी बंड केलं. त्या बंडाच्या पुढाऱ्यांत कार्लोटा नावाची एक गुलाम बाई होती. बंड चिरडलं गेलं, ती मारली गेली. १३२ वर्षांनी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, क्युबाने आपलं सैन्य अटलांटिक ओलांडून अंगोलात पाठवलं, आणि त्या लष्करी मोहिमेला नाव दिलं 'ऑपरेशन कार्लोटा'. आपल्याकडच्या लष्करी मोहिमांची नावं जरा आठवून बघा. एखाद्या मोहिमेला झलकारीबाईचं नाव दिलेलं ऐकलंय का कोणी?

अंगोला ११ नोव्हेंबर १९७५ ला पोर्तुगीजांपासून स्वतंत्र होणार होता. त्याआधीच वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचं सैन्य नामिबियातून आत घुसलं. शेजारी काळ्यांचं सरकार येऊ द्यायचं नाही, हा त्यामागचा हेतू. क्युबाचं सैन्य आलं आणि त्यांना मागे रेटलं गेलं. १९९१ पर्यंत तीन लाखांहून जास्त क्युबन सैनिक अंगोलात राहून गेले. देशाची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही कमी. दोन हजारांहून जास्त क्युबन तिथे मेले. "रशियाने पाठवलं म्हणून गेले" असं अमेरिका तेव्हा म्हणत होती. पुढे पिएरो ग्लायजेसेस या इतिहासकाराने क्युबाचं दप्तर आणि अमेरिकेची कागदपत्रं दोन्ही तपासली आणि दाखवून दिलं की १९७५ चा निर्णय क्युबाने मॉस्कोला न विचारता घेतला होता.

४ मे १९७८ ला दक्षिण आफ्रिकेच्या विमानांनी अंगोलातल्या कासिंगा इथल्या नामिबियन निर्वासितांच्या छावणीवर बॉम्ब टाकले. सहाशेहून जास्त माणसं मेली. वाचलेल्या मुलांपैकी अनेकांना क्युबाने आपल्या 'इस्ला दे ला हुवेंतुद' या बेटावर नेलं आणि तिथे शाळा काढून शिकवलं. कोणाची पोरं, कोणाचं बेट! पुढे १९८७-८८ मध्ये कुइटो कुआनावाले इथली लढाई झाली. ती कोणी जिंकली यावर गोरे सेनापती अजूनही वाद घालतात. पण त्यानंतर दक्षिण आफ्रिकेला वाटाघाटींना बसावं लागलं आणि २२ डिसेंबर १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये अंगोला, क्युबा आणि दक्षिण आफ्रिका यांनी करारावर सह्या केल्या, एवढं निर्विवाद आहे. त्या करारातून २१ मार्च १९९० ला नामिबिया स्वतंत्र झाला. मंडेला त्याआधी महिनाभर, ११ फेब्रुवारीला सुटले होते. १९९१ च्या जुलैमध्ये ते क्युबाला गेले आणि आभार मानायला नेमके मातान्झासमध्येच उभे राहिले. अमेरिकेत त्यांना विचारलं गेलं होतं की कॅस्ट्रोसारख्या माणसाशी मैत्री कशी करता? तुमचा शत्रू तो आमचाही शत्रू असं समजू नका, अशा आशयाचं रोखठोक उत्तर त्यांनी दिलं. त्याची शिक्षा म्हणून मायामीच्या पुढाऱ्यांनी त्यांचं स्वागत नाकारलं.

(१९९० हे साल आपल्यासाठीही विसरण्यासारखं नाही. बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न त्याच वर्षी आणि मंडेलांनाही त्याच वर्षी. नवबौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्याही १९९० मध्येच.)

युद्ध संपल्यावर या मैत्रीचं काय झालं, हा भाग आम्हाला लढाईपेक्षा महत्त्वाचा वाटतो. १९९६ मध्ये क्युबाचे डॉक्टर दक्षिण आफ्रिकेत यायला लागले. शहरातले गोरे डॉक्टर जिथे पाय ठेवत नव्हते त्या खेड्यापाड्यातल्या दवाखान्यांत ते जाऊन बसले. मग दोन्ही सरकारांनी ठरवलं की नुसते डॉक्टर आणून भागणार नाही, आपले तयार करू. गरीब, काळ्या घरांतली खेड्यातली मुलं सरकारी खर्चाने क्युबाला जाऊ लागली. पहिलं वर्ष स्पॅनिश शिकण्यात, मग वैद्यकीय शिक्षण, आणि शेवटचं दीडेक वर्ष परत येऊन आपल्या देशातल्या विद्यापीठात. नेल्सन मंडेला आणि फिडेल कॅस्ट्रो यांच्या नावाने ही योजना चालते आणि तिच्यातून हजारो डॉक्टर तयार झाले.

आणि मग काय झालं असेल, ओळखा. "हे क्युबात शिकलेले, यांना काय येतंय? दर्जाचं काय?" असा आवाज उठला. मेरिट! शब्द तोच, देश वेगळा. तिथेही प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात हे आलं नाही की तुमच्या उत्तम दर्जाच्या महाविद्यालयांनी शंभर वर्षांत काळ्या वस्तीला किती डॉक्टर दिले?

आमच्या वस्तीतली पोरं एमबीबीएससाठी किर्गिझस्तान, जॉर्जियाला जातात. राजनैतिक करार नाही, सरकारी खर्च नाही; दलालाला पैसे मोजून, गावचं अर्धं एकर विकून, आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे, ती वर्षाला ७५ जणांना, अख्ख्या महाराष्ट्रातून. आणि इथेच राहून शिकणाऱ्यांचं काय होतं? डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये गेली. जातीवरून छळ झाल्याचा तिच्या घरच्यांचा आरोप आहे, खटला कोर्टात आहे. म्हणून आम्ही म्हणतो की दोन देशांचे संबंध वकिलातीच्या दिवाणखान्यात मोजायचे नसतात. त्या संबंधांमुळे कुठल्या खेड्यातल्या कुठल्या मुलीच्या गळ्यात स्टेथोस्कोप आला, ते विचारायचं असतं. आपल्या सरकारला हा प्रश्न आपण एकदा तरी विचारलाय का?

इथवर वाचून काही कॉम्रेड मित्र खूश झाले असतील. त्यांनी जरा थांबावं.

कारण क्युबाच्या घरातही एक माजघर आहे. स्पेनविरुद्धच्या लढाईत काळे क्युबन मोठ्या संख्येने लढले. स्वातंत्र्यानंतर वाटणीत त्यांना काही मिळालं नाही, म्हणून १९०८ मध्ये एव्हारिस्टो एस्तेनोझ आणि सोबत्यांनी काळ्यांचा स्वतंत्र पक्ष काढला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन वाचलेल्या कार्यकर्त्याला पुढचं सांगावं लागत नाही. "वंशाच्या नावावर पक्ष म्हणजे देश फोडणं" अशी ओरड सुरू झाली आणि १९१० मध्ये अशा पक्षावर बंदी घालणारा कायदा आला. तो कायदा मांडणारा सिनेटर मार्टिन मोरुआ डेलगाडो स्वतः काळा होता. पुणे करारानंतर राखीव जागांवर कोण निवडून येऊ लागलं, ते आठवा. १९१२ मध्ये त्या पक्षाने उठाव केला तेव्हा सैन्याने हजारो काळ्या माणसांना मारलं. एस्तेनोझही मारले गेले.

हे क्रांतीच्या आधीचं, असं कॉम्रेड म्हणतील. बरं. क्रांतीने शाळा, दवाखाने, समुद्रकिनारे सगळ्यांना खुले केले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण १९६२ मध्ये कॅस्ट्रोंनी जाहीर करून टाकलं की क्युबातून वर्णभेद संपला. काळ्यांच्या स्वतःच्या संस्था बंद झाल्या. संपला म्हणजे संपला; आता जो बोलेल तो फूट पाडतो. कलम १७ ने अस्पृश्यता संपली, आता जात काढणारेच जातीयवादी, हे रोज ऐकणाऱ्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटणार नाही का? ११ जुलै २०२१ ला क्युबात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्यात गरीब काळ्या वस्त्यांमधले तरुण होते आणि तुरुंगातही तेच गेले. परदेशात पाठवलेल्या डॉक्टरांच्या पगारातला मोठा हिस्सा सरकार स्वतःकडे ठेवतं, हा आक्षेपही खरा आहे. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली तेव्हा हुकूमशाहीचा रस्ता त्यांनी नाकारला, तो उगीच नाही. दुसऱ्याच्या देशात जाऊन काळ्यांसाठी मरणारं राज्य स्वतःच्या देशातल्या काळ्याला "गप्प बस" म्हणू शकतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच वेळी सांगायची आपली तयारी हवी.

आपल्या देशाने तर या विद्येत पीएच.डी. केलीय. १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, संयुक्त राष्ट्रांत तिथल्या भारतीयांवरच्या अन्यायाचा प्रश्न नेला आणि ८ डिसेंबर १९४६ ला ठराव मंजूर करून घेतला. उत्तम केलं. पण गोऱ्यांनी उलटून भारतातल्या जातीकडे बोट दाखवलं तेव्हा आपल्या प्रतिनिधींकडे बोलायला काय होतं? त्याच १९४६ च्या जुलैत बाबासाहेब अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहीत होते. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केलाय असं कळलं, त्याच्या प्रती मिळतील का, असं त्यात विचारलंय. डु बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर पाठवलं आणि अस्पृश्यांच्या लढ्याला सहानुभूती कळवली. एकाच वर्षी एकाच देशाची दोन परराष्ट्र धोरणं. एक सरकारचं, दुसरं आपलं.

त्या दुसऱ्या धोरणाचं पुढे काय झालं? १९५१ च्या त्याच निवेदनात बाबासाहेब सांगतात की अनुसूचित जातींच्या स्थितीवर संयुक्त राष्ट्रांना द्यायचा अहवाल त्यांनी तयार केला होता, पण दिला नाही. संविधान सभेला आणि येणाऱ्या संसदेला आधी संधी द्यावी असं त्यांना वाटलं. ती संधी कशी वापरली गेली हेही त्याच निवेदनात त्यांनी लिहिलंय. त्यानंतर ऑगस्ट १९८३ मध्ये भगवान दास यांनी जिनिव्हाला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उपआयोगापुढे अस्पृश्यतेवर साक्ष दिली. मधली तीस-बत्तीस वर्षं जवळजवळ रिकामी.

उलट आफ्रिकन नॅशनल काँग्रेस बघा. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पास कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ माणसं मेली. त्यानंतर लगेच संघटनेने ऑलिव्हर टांबोंना देशाबाहेर पाठवलं. काम एकच, जगात आपली बाजू मांडणारी कचेरी उभी करायची. टांबो तीस वर्षं बाहेर राहिले. हातात देश नाही, पासपोर्ट नाही, पण १९६७ मध्ये दिल्लीतही त्यांचं कार्यालय होतं. नामिबियाच्या स्वापोला तर देश मिळायच्या चौदा वर्षं आधी, १९७६ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी नामिबियन जनतेचा एकमेव अधिकृत प्रतिनिधी मानलं. क्युबाने मदत केली ती असल्या संघटनांना. दार वाजवणारं कोणी तरी तिथे रोज हजर होतं, म्हणून दार उघडलं. आपला माणूस जिनिव्हात पोहोचला तो एकेकटा, स्वतःच्या हिमतीवर, आणि परत आल्यावर त्याचं भाषण ऐकायला सभागृहात किती माणसं होती हेही एकदा मोजायला हवं.

२००१ मध्ये डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. यजमान दक्षिण आफ्रिका, व्यासपीठावर कॅस्ट्रो. देशभरातून दलित कार्यकर्ते गेले, त्यांनी जातीचा प्रश्न मांडला, जगाच्या वर्तमानपत्रांत आणला. पण जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरगुती मामला, म्हणून भारत सरकार अडून बसलं. अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. गंमत अशी की १९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात 'जन्मावरून आलेलं कूळ' हा शब्द घालायची सूचना भारतानेच केली होती. २००२ मध्ये त्या कराराच्या समितीने सांगून टाकलं की या शब्दात जात येते. सरकारला स्वतःचाच शब्द नको झाला.

डर्बनच्या त्या सभागृहात क्युबा होता, दक्षिण आफ्रिका होती, नामिबिया होता. राज्य राज्याला दुखवत नाही, म्हणून त्यांना दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकतो. पण त्या देशांतल्या कामगार संघटना, चर्च, विद्यार्थी यांच्याशी आपला किती वर्षांचा पत्रव्यवहार होता? डर्बनच्या आधी किती आणि नंतर किती? फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलने जातीभेदावर बंदी घातली, ती तिथल्या आपल्या माणसांनी चिकाटीने दारं वाजवली म्हणून. आफ्रिकेच्या आणि कॅरिबियनच्या बाजूला मात्र आपली वाट अजून पडलेलीच नाही. आपली नजर लंडन आणि न्यूयॉर्कवर. जिथल्या लोकांचं दुःख आपल्याशी सर्वांत जास्त जुळतं तिथे आपला एक पत्ताही नाही.

२० मार्चला नवी मुंबईतून महाडला गाड्या जातात. चवदार तळ्यावर ओंजळ भरून रात्री उशिरा लोक परत येतात. दुसऱ्या दिवशी २१ मार्च असतो. शार्पव्हिलचा दिवस, नामिबियाचा स्वातंत्र्यदिन, आणि संयुक्त राष्ट्रांनी १९६६ पासून पाळलेला वंशभेदविरोधी दिवस. पाणी पिण्याचा हक्क आणि पासशिवाय चालण्याचा हक्क, एका रात्रीच्या अंतरावर. या वर्षीपासून आमच्या अभ्यासवर्गाने २१ मार्चलाही विहारात सभा ठेवायचं ठरवलंय. मुंबईत दक्षिण आफ्रिकेची कॉन्सुलेट आहे, दिल्लीत क्युबाची आणि नामिबियाची वकिलात. तिघांना पत्रं जातील. महाड काय होतं ते एका पानात, आणि शेवटी प्रश्न, की तुमच्या देशातल्या कुठल्या संघटनांशी आम्ही बोलावं. पत्राचा मसुदा एका बारावीच्या मुलीने लिहिलाय. तिला पुढे स्पॅनिश शिकायचंय म्हणते. वाशी, नेरूळ, पनवेलमधल्या ज्या मंडळांना सही करायची असेल त्यांनी फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत कळवावं.